गोठ्यात वाचलेली रहस्यकथा

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. महाळुंग्याच्या या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावताना ते तीन वेळा रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं आणि तीन वेळा बाहेर काढलं. वाचवत नाही आणि टाकवतही नाही. आता ते स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे आहे. सहज दिसू नये म्हणून तिथे ठेवलं, पण चहा टाकताना रोज एकदा माझी मान तिकडे वळतेच.

पुस्तक इंग्रजी, जुनं, जाड पुठ्ठ्याचं. पुण्यात फूटपाथवर मिळालं. मुखपृष्ठावर गळ्यात लाल रुमाल बांधलेली एक मुलगी, हातात टॉर्च, मागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे चमकणारे गाईंचे डोळे. मुलगी अठराएक वर्षांची. तिला स्वतःची मोटार आहे, वडील आहेत पण ते कधी आडवे येत नाहीत, आणि ती जिथे सुट्टीला जाते तिथे काहीतरी गूढ तिची वाट बघत बसलेलं असतं. असली पुस्तकं मी लहानपणी आमच्या लातूरकडच्या गावातल्या वाचनालयातून आणून, गणिताच्या वहीत लपवून वाचली होती. चौतिसाव्या वर्षी पुन्हा घेतलं ते काही साहित्याच्या ओढीने नव्हे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. आठ-नऊ तास चुका शोधायच्या, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चुका हजर. या पुस्तकात दोनशे पानं, एक गुन्हा, एक गुन्हेगार आणि तो शेवटी सापडणार याची खात्री. मला तेवढी खात्री पुरे होती.

तेव्हा मी पुण्याजवळ, आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावात राहत होते. गावात आता शेतं कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त. आमची तीन मजली इमारत उभी होती तिथेही पूर्वी हरभरा व्हायचा म्हणे. मालक चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. नळाला पाणी आलं नाही की स्वतः वर चढून टाकी बघायचा. कुणी भाडेकरू आजारी पडला तर आपल्या गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा. हे मी मुद्दाम लिहितेय. त्याच्याबद्दल मला आज जे वाटतं, ते वाटणं सोपं जावं असा तो माणूस नव्हता.

आत्या म्हणजे या मालकाची आत्या, त्याच्या वडिलांची सख्खी बहीण. पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं, म्हणून आम्ही भाडेकरूही. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, आणि ती माहेरी आली ती कायमची. भावाने तिला गोठा दिला, म्हणजे सांभाळायला दिला. पंचेचाळीस वर्षं तिने त्या घरची गुरं सांभाळली. मी राहायला गेले तोवर बैल गेले होते, गाई गेल्या होत्या. इमारतीच्या मागे, ओढ्याच्या कडेला, पत्र्याच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडकू एवढंच उरलं होतं. आत्या झोपायचीसुद्धा तिथेच. भाच्याच्या घरात तिची कॉट होती, पण पंख्याच्या आवाजाने तिला झोप लागत नसे आणि म्हशींच्या रवंथाने लागत असे.

मी तिच्याकडून अर्धा लिटर दूध घ्यायचे. माझी शिफ्ट सकाळी सातची, त्यामुळे पाचच्या सुमाराला मी गोठ्यात हजर. धार काढून होईपर्यंत पालथ्या घमेल्यावर बसून वाचत राहायचे. एक दिवस आत्याने मान न वळवता विचारलं की त्या पुस्तकात एवढं काय आहे. मी म्हटलं, गुरांची गोष्ट आहे. मग मोठ्याने वाच की, म्हणाली. मी म्हटलं, इंग्रजीत आहे.

"म्हशीला तरी कुटं मराठी येतंय," आत्या म्हणाली. "तू सांग. आमी ऐकतो."

अशी सुरुवात झाली. मी एक परिच्छेद मनात वाचायचे आणि मराठीत सांगायचे. दूर देशातलं, मैलोगणती पसरलेलं रान. शेकडो गाई, घोड्यांवरून त्यांना राखणारे गडी, मधोमध लाकडी घर. या सगळ्याची मालकीण एक म्हातारी विधवा बाई. इथे आत्याचा हात थांबला. ते रान त्या बाईच्या स्वतःच्या नावावर आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तिच्याच. तिचे भाऊ काही बोलत नाहीत का? मी म्हटलं, भावांचा उल्लेख नाही. आत्याने "आसं व्हय" म्हणून पुन्हा धार सुरू केली, पण त्या दिवशी तिने हा प्रश्न आणखी दोनदा विचारला.

गोष्ट अशी की त्या रानाच्या कुंपणाची तार रोज कुणीतरी तोडत होतं. गुरं बाहेर जायची, हरवायची. पलीकडच्या रानातला शेजारी दर वेळी येऊन तार जोडून द्यायचा. विहिरीत मीठ पडलं, गवताची गंजी जळली. म्हातारी कंटाळून सगळं विकायला निघाली होती, आणि तेवढ्यात ही आपली मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन सुट्टीसाठी तिथे येऊन टपकते.

आत्याला ती मुलगी आवडली, पण लेखकावर तिचा राग होता. दोनशे पानांत कुणी शेण उचललं नाही, हे तिला शेवटपर्यंत पचलं नाही. शेकडो गुरं आणि शेणाचं नाव नाही, म्हणजे लिहिणारा कधी गोठ्यात उभा राहिलेला नसणार. गाईंना नावं नाहीत हा दुसरा आक्षेप. मुलगी दिवसातून तीनदा कपडे बदलते याचं मात्र तिला कौतुक वाटलं. धुतं कोण, एवढंच तिने विचारलं. मी कपडे धुणारी एक बाई गोष्टीत घातली. मग तिला पगार किती हेही ठरवावं लागलं.

खरं सांगायचं तर त्या दीड-दोन महिन्यांइतकी मी माणमध्ये कधीच सुखात नव्हते. ऑफिसात आमच्या गटातली माणसं एकेक करून कमी होत होती. बसमध्ये, भर गर्दीत उभी असताना मी पुढचं प्रकरण आधी वाचून ठेवायचे, म्हणजे आत्याला सांगताना अडखळायला नको. आत्या धार काढताना मध्येच "मग?" म्हणायची. तेवढ्या एका शब्दासाठी मी दिवस ढकलायचे. धाकटी म्हैस आधी रेडकू लावल्याशिवाय पान्हा सोडत नसे. गोष्ट सुरू झाली की ती आता आपोआप सोडते, असं आत्या म्हणायची. मी हसायचे, पण मला ते खरंच वाटायचं.

आणि आत्या माझ्यापेक्षा हुशार गुप्तहेर निघाली. पुस्तकातल्या मुलीला तोडलेल्या तारेच्या टोकावर एक बारीक खाच दिसते. म्हणजे ज्या पकडीने तार तोडली तिच्या दातालाही तशीच खाच असणार, ती पक्कड शोधायची, असं तिचं चालतं. त्यात सहा प्रकरणं जातात. आत्याने तार कुठल्या बाजूला तोडली ते विचारलं. मी पान उलटून पाहिलं आणि सांगितलं, ओढ्याच्या बाजूला. आत्या म्हणाली, मग तोडणारा गुरं पाळणाराच आहे. पाण्याच्या बाजूची तार काढली की गुरं आपसूक जातात, हाकलावी लागत नाहीत, आवाज होत नाही. उपऱ्याला हे कळणार नाही. आणि एवढा जवळचा माणूस म्हणजे तोच शेजारी, जो दर वेळी तार जोडायला मदतीला येतो.

मी पुस्तक मागून उघडून बघितलं. तोच होता. मला इतका आनंद झाला की मी घमेल्यावरून उठून उभी राहिले. त्या लेखकालासुद्धा पाण्याच्या बाजूचं सुचलं नव्हतं.

"त्यात काय," आत्या म्हणाली. "मोडायचं त्यालाच जमतं, ज्याला जोडता येतं."

शेवटून तिसऱ्या प्रकरणात म्हातारी विक्रीच्या कागदावर सही करायला बसते. शेजारी बाजूला उभा, वकील हसतमुख. तेवढ्यात मुलगी धावत येते, कागद ओढून घेते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मधल्या पानावर तिला हवं ते सापडतं. हे प्रकरण मी जरा रंगवून सांगितलं. आत्याने भरलेली चरवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, असं कुणीतरी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की शुक्रवारी रजा मिळेल का. त्यांचं वरचं रान, रस्त्याकडेचं, बिल्डरला जाणार होतं. सातबाऱ्यावर भावाच्या पोरांबरोबर आत्याचंही नाव होतं, म्हणून तिचं हक्कसोडपत्र हवं होतं. आमच्याकडेही असंच असतं. बहीण भावाच्या नावे हक्क सोडते, बदल्यात साडीचोळी होते, आणि माहेरचं दार उघडं राहतं. माझ्या आईने सही केली, मावशीने केली. उद्या भावाने कागद पुढे केला तर मीही करेन. आत्याचीही ना नव्हती. वरच्या रानात तसंही आता काही पिकत नव्हतं, आणि भाच्याने शब्द दिला होता की गोठा आणि गोठ्याखालची जागा ती असेपर्यंत तिच्याकडेच राहील. फक्त कागद कुणीतरी वाचून बघावा, असं तिला वाटत होतं. ओळख द्यायला दोन माणसं लागतात, त्यातली एक तू हो, म्हणाली. भाचाही लगेच तयार झाला. शिकलेलं, नोकरीतलं माणूस साक्षीला असलं तर बरंच, म्हणाला.

मी रजा घेतली. काय वाटलं होतं ते लपवत नाही. मला फार मोठं काही वाटलं होतं. मी गळ्यात ओढणी जरा त्या मुलीसारखी बांधली होती.

पौडला नोंदणी कचेरीच्या बाहेर, वकिलाच्या टेबलाशी आम्ही बसलो. टाइप केलेला कागद माझ्या हातात आला. सोबत जुळवून बघायला आत्याचं आधारकार्ड आणि सातबाऱ्याचे दोन उतारे. मी पेन काढलं आणि ऑफिसात करते तसंच काम सुरू केलं. नाव जुळतं का, वडिलांचं नाव जुळतं का, वय, आधारचा आकडा, गट नंबर, क्षेत्र. पहिल्या पानावर आत्याच्या नावातली एक वेलांटी चुकली होती, ती दाखवली. मधला मजकूर म्हणजे 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांचं लांबलचक पुराण होतं. तसला मजकूर सगळ्या कागदांत सारखाच असतो, म्हणून मी त्यावरून नुसती नजर फिरवली. माझ्या कामात आम्ही मजकूर वाचत नाही, रकाने तपासतो. आणि तिसऱ्या पानावर मला ती सापडली. पहिला गट नंबर नीट होता. दुसरा कागदावर दोनशे सतरा होता आणि उताऱ्यावर दोनशे एकाहत्तर.

मी दोनशे सतराभोवती पेनाने गोल केला. मी मोठ्याने दोन्ही आकडे वाचून दाखवले. वकील चपापला, टाइप करणाऱ्या बाईवर खेकसला. भाच्याचा चेहरा उतरला आणि मग उजळला. आत्या बाकावर बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. मी तिच्याकडे बघून हसले.

आकडा दुरुस्त होऊन नवीन कागद आला. आत खिडकीशी आत्याचा फोटो काढला, अंगठा यंत्रावर ठेवायच्या आधी तिथल्या साहेबांनी तिला रीतीप्रमाणे विचारलं की मावशी, वाचून समजलंय ना, राजीखुशीने देताय ना. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी वाचलंय सगळं. कागदात आता काही चूक नाही."

"हिनं वाचलंय," आत्या त्यांना म्हणाली, आणि अंगठा ठेवला.

त्यानंतर भाच्याने तिला जांभळं नऊवारी घेतलं, त्याची बायको पाया पडली, आणि हॉटेलात आम्ही सगळे जेवलो. आत्याने निम्मं ताट तसंच ठेवलं. उकाडा आहे, म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात रोज उशीर होत होता. गोठ्यात जायला जमलं नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, पण गुन्हेगार तर सापडलाच होता, घाई नव्हती. रविवारी सकाळी भाचा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दाराशी आला.

"ताई, तुमच्यामुळं वाचलो बघा," तो म्हणाला. "तो गोठ्याचा गट नंबर चुकला असता, तर तेवढा तुकडा कागदाच्या भायेर ऱ्हायला असता. परत आत्याला पौडला न्यायचं म्हंजी... एकदा ती आली, दुसऱ्यांदा आली असती का न्हाई, कुनी सांगावं. वकिलाला सुदिक दिसलं न्हाई."

मी पुडा हातात धरून उभी राहिले. मी विचारलं, गोठा तर राहणार होता ना. तो अजिबात गडबडला नाही. मोकळेपणाने म्हणाला, बिल्डरला वरचं रान एकटं नको होतं, ओढ्यापर्यंतचा तुकडा मिळूनच सौदा होता. आत्याला आधी सांगितलं असतं तर ती रडत बसली असती. आता वय झालंय, शेणामुताचं काम किती दिवस करणार. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली तिच्यासाठी रंगवायला घेतली आहे, आत संडास-बाथरूम, टीव्ही पण लावणार. शेवटी मीच बघनार हाय ना तिला, म्हणाला. आणि हे तो मनापासून म्हणत होता.

तो गेल्यावर मी दार लावून खाली बसले. एक रान जाणार होतं आणि माझ्या हातात उतारे दोन होते. एवढंच होतं. त्या पुस्तकातल्या मुलीला खाच शोधायला सहा प्रकरणं लागली. माझ्यासमोर टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. हा दुसरा कुठला, असं मी एकदा विचारलं असतं तर आत्यानेच सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चूक सापडल्याच्या आनंदात मी, त्या कागदात आत्याच्या बाजूने असलेली एकुलती एक गोष्ट खोडून काढली, आणि वर सही केली. टाइप करणाऱ्या त्या बाईच्या बोटाने नकळत जे वाचवलं होतं, ते मी डोळे उघडे ठेवून घालवलं.

नंतर मी एका मैत्रिणीच्या वकील नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कोर्टात जाता येईल, पण फसवणूक झाली असं त्या बाईंनी स्वतः, भाच्याच्या विरोधात सांगावं लागेल. आणि साक्षीदार म्हणून तू सांगायचं की वाचलंय म्हणाले होते पण वाचलं नव्हतं. मी ते सांगायला तयार होते. आजही आहे. पण आत्याला हे विचारायला जायचं, तर आधी तिला काय झालंय ते सांगावं लागणार होतं. मी पाच दिवस गोठ्याच्या वाटेला फिरकले नाही. दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून, पिशवीतलं आणलं. इतकी भित्री मी कधीच नव्हते.

सहाव्या दिवशी कामावरून आले तर गोठ्यापाशी टेंपो उभा होता. रेडकू आधीच आत होतं. मोठी म्हैस मुकाट चढली. धाकटी चढेना. दोन गडी दावं ओढत होते, एक मागून ढकलत होता. आत्या बाजूला उभी होती, तेच जांभळं नऊवारी नेसून. ती पुढे झाली, म्हशीच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी बोलली, आणि म्हैस फळीवरून वर गेली. त्या गड्यांना जे जमत नव्हतं ते तिने दोन शब्दांत केलं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होते, पण तिच्याकडे गेले नाही. टेंपो गेल्यावर तिने झाडू घेतला आणि रिकामा गोठा लोटून काढला. दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता तरी काढला.

त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी दुपारी तिने मला बोलावणं पाठवलं. येताना पुस्तक आण, असा निरोप होता.

कोपऱ्याची खोली खरंच चांगली होती. भिंती फिकट निळ्या, कॉटवर नवी चादर, टीव्हीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. खिडकीतून खाली ओढा दिसत होता आणि गोठ्याच्या जागी ओल्या मातीचा चौकोन. आत्या कॉटवर न बसता खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर उपडे. त्या हातांना काही काम नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पुस्तक उघडलंच नाही. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. मी मधला मजकूर वाचला नव्हता. तो आकडा गोठ्याचा होता आणि मला माहीत नव्हतं. तो चुकीचा होता तोवर गोठा तुमचा होता. मी दुरुस्त केला. हे सांगताना मी रडत होते, आणि आपण रडतोय याचीसुद्धा मला चीड येत होती.

आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"दोनशे एकाहत्तर," ती म्हणाली. "मला ठाव न्हाई व्हय? पंचेचाळीस वरसं ऱ्हायले मी तितं. तू नंबर वाचलास तवाच कळलं मला."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"तू वाचत हुतीस न्हवं. मला वाटलं, तुला समदं ठाव हाय. तू त्या पोरीवानी बोलशील म्हून मी वाट बघितली. मग तू हसलीस. मला वाटलं, हिला बी हेच बरं वाटतंय, तर आसंल बरं. आन मी एकटी न्हाई म्हनले आस्ते तर ऱ्हायले आस्ते कुटं?"

मी तिला कोर्टाचं सांगितलं. तिने मान हलवली. भाच्याला कोर्टात उभं करून त्याच्याच खोलीत झोपायला यायचं का, एवढंच विचारलं. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने मला पाणी दिलं आणि पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, एवढं एक राहिलंय ना, सांगून टाक.

मी सांगितलं. शेवटचं प्रकरण आठच पानांचं होतं. शेजाऱ्याला पोलीस घेऊन जातात. हरवलेली गुरं डोंगरामागच्या दरीत सापडतात, सगळीच्या सगळी, एकही कमी नाही. म्हातारी सहीचा कागद चुलीत टाकते. कुंपणाला नवी तार बसते, सगळे अंगणात जेवायला बसतात, आणि मुलीला एक तांबडं शिंगरू बक्षीस मिळतं. मी एकही शब्द गाळला नाही आणि पदरचं काही घातलं नाही. आत्याने एकदाही "मग?" म्हटलं नाही. खालून जेसीबीचा आवाज येत होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागत होतं.

मी पुस्तक मिटलं. ती खिडकीकडे बघत होती.

"म्हंजी त्या बाईचा गोठा ऱ्हायला," ती म्हणाली.

मी म्हटलं, राहिला.

"बरं झालं," आत्या म्हणाली. "एकीचा तरी ऱ्हायला."

मग तिने मला तेवढा पंखा बंद करून जायला सांगितलं.